किडनीची गोळी फुप्फुसाला

आमचं मेडिकल लालबागला, मेन रोडपासून दोन गल्ल्या आत. तिथे बाबा बसतात. मी आयटीवाली, पवईला ऑफिस, दिवसभर एका टेबलातला डेटा दुसऱ्या टेबलात नेऊन टाकायचा आणि मधेच तुटलं की बोंब मारायची एवढंच काम. पण शनिवारी दुपारी बाबा जेवायला घरी गेले की गल्ल्यावर मी असते. औषधं आमचा फार्मासिस्ट दादा काढून देतो, मी बिलं करते आणि सुट्टे नाहीत म्हणून भांडते.

गेल्या जुलैत असाच एक शनिवार, पाऊस धो धो, गिऱ्हाईक नाही, आणि एक मावशी भिजत आल्या. छत्री बाहेर झटकली, पिशवीतून आधी फाइल काढली, मग औषधाचं खोकं, आणि ते काउंटरवर आपटलंच म्हणा ना. "दोन दिवसांपूर्वी नेलं होतं. चुकीचं दिलंत तुम्ही." मी चिठ्ठी बघितली, सिरोलिमस 1 मिलिग्राम. खोकं बघितलं, तेच. तेवढ्यात बाबा आले, त्यांनीही बघितलं, चिठ्ठीवर आहे तेच दिलंय मावशी, काय झालं? तर मावशींच्या भाच्याने मोबाइलवर नाव टाकून बघितलं होतं आणि त्यात आलं की ही गोळी किडनी बदललेल्या पेशंटला देतात. "माझ्या लेकीला फुप्फुसाचं आहे हो, किडनी ठणठणीत आहे तिची. उगाच किडनीवर काय झालं म्हणजे?"

खरं सांगायचं तर बाबांनाही उत्तर माहीत नव्हतं. आमच्याकडे सिरोलिमस ट्रान्सप्लांटच्या ड्रॉवरमध्ये असतं, टॅक्रोलिमसच्या शेजारी, आणि 30 वर्षांत त्यांनी ते त्याच पेशंटांना दिलेलं. ते म्हणाले डॉक्टरांना फोन लावा, तो लागेना, मग मी फाइलमधला आजाराचा शब्द अक्षर अक्षर लावत मोबाइलवर टाकला. लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस. डॉक्टर लोक सरळ लॅम म्हणतात, सुटतात. जवळजवळ फक्त बायकांना होणारा आजार, फुप्फुसात नको तिथे पेशी वाढत जातात, बारीक बारीक पोकळ्या होतात, जिना चढताना धाप लागते, कधी फुप्फुस फुटून हवा बाहेर येते. आणि पहिल्याच पानावर औषध काय, तर सिरोलिमस.

मावशींना मी काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही, काहीतरी असं की गोळी तीच पण काम दुसरं, सुरीने कांदा कापतो तशी दोरीपण कापतो. पटलं की नाही माहीत नाही, खोकं घेऊन गेल्या एवढं खरं. पण मी रात्री दोनपर्यंत जागी. हे कोणाला आणि कसं सुचलं, या प्रश्नाने माझा पुढचा महिना खाल्ला.

सिरोलिमसची कहाणी भारी आहे, थोडी सांगतेच. 1964 मध्ये कॅनडाची एक टीम ईस्टर आयलंडवर गेली होती, तिथली माती घेऊन आली. बेटाचं तिथलं नाव रापा नुई. त्या मातीतल्या जंतूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या लॅबमध्ये एक पदार्थ निघाला, नाव ठेवलं रापामायसिन, म्हणजेच आपलं सिरोलिमस. काम करणारा माणूस सुरेन सेहगल, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला. आधी त्यांना वाटलं बुरशीवरचं औषध आहे, मग लक्षात आलं की हे रोगप्रतिकारशक्तीच दाबतंय, बुरशीवरच्या औषधासाठी हे म्हणजे संपलंच. 80 च्या दशकात कंपनीने माँट्रियलची लॅब बंद केली आणि हा प्रोजेक्टही गुंडाळला. तर या गृहस्थांनी शेवटची बॅच करून घेतली, घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवली आणि प्रिन्स्टनला बदली झाल्यावर बर्फात पॅक करून सोबत नेली. आपल्याकडे आई लोणच्याची बरणी नेते तशी. पुढे कंपनीचं विलीनीकरण झालं, वरचे साहेब बदलले, सेहगल परत मागे लागले आणि 1999 मध्ये अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी मान्यता मिळाली.

आता लॅमचं. पेशीत एक प्रोटीन असतं, एमटॉर, पेशीने वाढायचं की गप्प बसायचं ते ठरवणारा मुकादम. त्या नावातला शेवटचा 'आर' म्हणजे रापामायसिनच, कारण हे औषध कुठे जाऊन बसतं ते शोधतानाच तो मुकादम सापडला! लॅममध्ये जीन बिघडल्यामुळे हा मुकादम चोवीस तास शिट्टी मारत राहतो. म्हणजे एका बाजूला एमटॉर दाबणारी गोळी दुकानात पडलेली आणि दुसऱ्या बाजूला एमटॉर चेकाळलेला आजार. जोडायचीच बाकी. तरी 89 पेशंटवर नीट चाचणी होऊन 2011 मध्ये पेपर आला आणि अमेरिकेत लॅमसाठी मान्यता मिळाली 2015 ला. आजार बरा होत नाही, घसरण थांबते, गोळी बंद केली की परत सुरू होते. पण धाप लागणाऱ्या माणसाला घसरण थांबणं म्हणजे काय ते त्यालाच विचारा.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला की अशा अजून किती जोड्या पडून असतील. हा किडा जगात आधीच एका डॉक्टरला चावलाय. डेव्हिड फायगेनबॉम, अमेरिकेतला, मेडिकलला शिकत असताना 2010 मध्ये त्याला कॅसलमन नावाचा दुर्मिळ आजार झाला, मरता मरता अनेकदा वाचला, शेवटी स्वतःच्याच रक्ताचे नमुने तपासून काढलं की एमटॉर जोरात आहे आणि 2014 पासून हीच गोळी, सिरोलिमस, घ्यायला लागला. 2022 मध्ये त्याने एव्हरी क्युअर नावाची संस्था काढली. त्यांचं म्हणणं साधं आहे: मान्यता मिळालेली औषधं साधारण 4000, आजार साधारण 18,000, प्रत्येक औषध प्रत्येक आजाराशी ताडून बघा. गुणाकार केला तर 7 कोटी 20 लाख जोड्या. एवढ्या माणसाने बघायच्या म्हटलं तर सात जन्म पुरायचे नाहीत, म्हणून कॉम्प्युटर. 2024 मध्ये अमेरिकन सरकारच्या एका एजन्सीने त्यांना या कामासाठी 4 कोटी 80 लाख डॉलरच्या वर दिले.

मी सगळं वाचत होते तेव्हा मला सारखं वधूवर सूचक मंडळ आठवत होतं. खरंच, हे तेच आहे. बायोडेटा जमवा, गुण जुळवा, 36 पैकी 30 वाल्यांची यादी काढा.

या धंद्यातला पहिला मध्यस्थ तर चक्क डॉक्टरच नव्हता. शिकागो युनिव्हर्सिटीतले डॉन स्वॉन्सन, लायब्ररीशास्त्रवाले. 1986 ची गोष्ट. रेनॉड म्हणून त्रास असतो, थंडीत बोटं पांढरी निळी पडतात. त्याच्यावरच्या पेपरांमध्ये लिहिलेलं की या लोकांचं रक्त जरा घट्ट असतं, प्लेटलेट चिकटतात, रक्तवाहिन्या आखडतात. आणि वेगळ्याच कपाटातले पेपर म्हणत होते की माशाच्या तेलाने रक्त पातळ होतं, प्लेटलेट कमी चिकटतात, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. दोन्ही छापलेलं, दोन्ही लायब्ररीत, पण यांचे पेपर ते वाचत नाहीत आणि त्यांचे हे. स्वॉन्सननी फक्त वाचून सांगितलं की माशाचं तेल देऊन बघा, आणि नंतरच्या चाचणीत काही पेशंटना फायदा दिसलापण. मी हे घरी सांगितलं तर आजी म्हणाली, मग बांगडा खा ना, वाचत काय बसलीस.

दुसरी पद्धत मला सगळ्यात आवडली, आमटी खारट झाली तर बटाटा टाका, तशी. आजारी पेशीत कुठले जीन्स चढलेत आणि कुठले उतरलेत त्याची नोंद घ्यायची, मग हजारो औषधं पेशींवर टाकून प्रत्येकाने काय चढवलं काय उतरवलं तेही मोजायचं आणि बरोबर उलटं करणारं औषध शोधायचं. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटने 2006 मध्ये असा नकाशा सुरू केला, कनेक्टिव्हिटी मॅप, आणि 2017 पर्यंत त्यात दहा लाखांच्या वर नोंदी झाल्या. फक्त एक गोची, त्यातल्या बऱ्याच पेशी कॅन्सरच्या असतात, लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेल्या, म्हणजे चव बघायची मुलाच्या मेंदूच्या आजाराची आणि आमटी भलत्याच घरची.

तिसरी म्हणजे नॉलेज ग्राफ, माहितीतल्या नात्यांचं जाळं, आणि इथे मी स्वतः हात घातला आणि भाजून घेतला. हार्वर्डच्या लोकांनी प्राइमकेजी म्हणून एक फुकट डेटा ठेवलाय, 20 ठिकाणची माहिती एकत्र केलेली, 17,080 आजार आणि 40 लाखांच्या वर नाती. नाती म्हणजे हा जीन या आजारात बिघडतो, हे औषध या प्रोटीनवर बसतं, या आजारात हे लक्षण, अशी. मी फाइल उतरवून आधी सवयीने एक्सेलमध्ये उघडायला गेले, एक्सेल साडेदहा लाख ओळींच्या आसपास हात वर करतं, मग पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. माझं ठरलेलं: सिरोलिमस आणि लॅम यांच्या नात्याची ओळ लपवायची, बाकी सगळं मॉडेलला, म्हणजे डेटा बघून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायचं आणि बघायचं की ते स्वतःहून सिरोलिमस म्हणतंय का.

पहिला रन रविवारी संध्याकाळी संपला. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा. यादीत वर काय, तर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, दोन्ही स्टेरॉइड. दुसरा कुठलातरी आजार टाकला, परत तेच. तिसरा, तेच. कारण स्टेरॉइडच्या ओळी डेटात इतक्या ठिकाणी जोडलेल्या आहेत की मॉडेलला वाटतं हा सगळ्यांच्याच लग्नाला असतो तर इथेही असेल. बाबांना दाखवलं तर खो खो हसले, "हे तर कॉम्प्युटरशिवाय पण होतं की, काही सुचेना की लिही स्टेरॉइड."

मी चिडून ते दुरुस्त केलं, जास्त ओळखी असलेल्यांना दंड लावला. दुसरा रन. या वेळी पहिल्या दहात इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनच. आणि मला थोडंफार वाचून माहीत झालं होतं की लॅममध्ये इस्ट्रोजेन टाळायलाच सांगतात! अर्धा तास डोकं धरून बसले, मग सापडलं. त्या डेटात औषध आणि आजार यांच्यात तीन प्रकारच्या ओळी आहेत, एक म्हणजे यासाठी देतात, दुसरी म्हणजे कागदावर नाही तरी देतात आणि तिसरी म्हणजे अजिबात देऊ नका. मी तिन्ही एकाच पोत्यात भरल्या होत्या. म्हणजे मॉडेल बिचारं बरोबर सांगत होतं की या दोघांचं काहीतरी नातं आहे बुवा, ते नातं भाऊबंदकीचं आहे हे मीच सांगितलं नव्हतं. ऑफिसात अशी चूक झाली असती तर एक रिपोर्ट चुकला असता. इथे कोणी ती यादी खरी धरली असती तर, जाऊ दे.

तिसऱ्या रनला सिरोलिमस पहिल्या पन्नासात आलं, मी घरात नाचले. दोन दिवसांनी तेही फुस्स. सिरोलिमसचं सख्खं भावंड एव्हरोलिमस आणि लॅमचा सख्खा भाऊ म्हणजे ट्युबरस स्क्लेरोसिस, तेच जीन बिघडून होणारा दुसरा आजार, यांच्यातली ओळ मी तशीच ठेवली होती. म्हणजे पेपर फुटलेला होता. पास झालं पण खरं नाही. या विषयातल्या भल्याभल्यांच्या निकालांवर पण हाच आक्षेप असतो, आता त्यांचे पेपर वाचताना मी पहिलं हेच बघते, काय लपवलं आणि काय लपवायचं राहिलं. हार्वर्डवाल्यांनीच याच ग्राफवर टीएक्सजीएनएन नावाचं मॉडेल 2024 मध्ये छापलं, त्यांनी आजारांचे अख्खे गटच्या गट झाकून परीक्षा घेतली, आणि मॉडेलने उत्तर का दिलं ती वाटही ते दाखवतात, या जीनवरून त्या प्रोटीनवर, तिथून औषधावर. डॉक्टरला गुण नकोच असतात, वाट हवी असते.

अजून एक सांगते, कारण त्यात आमच्या दुकानातला सगळ्यात खपणारा माल आहे. मॅट माइट म्हणून अमेरिकेतला कॉम्प्युटरचा प्रोफेसर, त्याच्या मुलाला एनजीएलवाय1 नावाच्या जीनचा अतिदुर्मिळ आजार होता, जगातला पहिला सापडलेला पेशंट तोच. त्याने आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर एका एन्झाइमच्या खोबणीत मान्यताप्राप्त औषधं एकेक करून बसवून बघितली, कुलपात किल्ल्या फिरवतो तशी. आणि बसली कुठली? ॲसिडिटीची! रॅबेप्राझोल आणि त्याचं खानदान. 2017 मध्ये पेपर आला. लालबागमध्ये वडापाव खाऊन रोज शेकडो लोक गिळतात ती गोळी. आता खोबणीत बसली म्हणजे आजारावर औषध झालं असं नाही, परीक्षानळीतल्या डोसएवढं औषध शरीरात त्या जागी पोचायलाही हवं. 2020 मध्ये तो मुलगा गेला. ते वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून खाली फेरी मारून आले.

तर माझं म्हणणं काय. यादी काढणं आता अवघड राहिलेलं नाही, माझ्यासारखी डेटाची पाइपलाइन जोडणारी बाईसुद्धा पवईहून येऊन रविवारी यादी काढते. अडतं ते पुढे. जुनी औषधं स्वस्त असतात, पेटंट संपलेलं असतं, मग एका कंपनीने कोट्यवधी घालून चाचणी केली तरी विकणार दहा कंपन्या. कोण कशाला करेल? लग्न जुळतंय पण वरात काढायला कोणाच्या घरचे उभे नाहीत. बरं आपल्याकडे 2019 च्या नियमांप्रमाणे जुनंच औषध नव्या आजारासाठी विकायचं तर ते परत 'नवीन औषध' धरतात, म्हणजे कागद आलेच. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर लिहू शकतात आणि लिहितात, पण मग मावशींचा भाचा मोबाइलवर बघतो आणि त्याला किडनी दिसते.

आणि कोणी उभं राहिलंच तर कधी कधी भलतंच होतं. लँबर्ट-ईटन नावाचा स्नायूंचा दुर्मिळ आजार आहे, त्यावरचं एक जुनं औषध न्यू जर्सीतली एका कुटुंबाची छोटी कंपनी वर्षानुवर्षं पेशंटना फुकट देत होती. 2018 मध्ये दुसऱ्या कंपनीने रीतसर मान्यता घेतली आणि वर्षाची किंमत लावली 3 लाख 75 हजार डॉलर. औषध जवळपास तेच. बाबांना सांगितलं तर त्यांनी फक्त "आयला" एवढंच म्हटलं, आणि बाबा सहसा असं बोलत नाहीत.

आपल्याकडे 2021 चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, यादीतल्या आजारांसाठी ठरवलेल्या केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत आमच्या जवळचं केईएम हे असं केंद्र. ते महागड्या नव्या औषधांसाठी लागतंच. पण त्यातला थोडा पैसा जुन्या स्वस्त गोळ्यांच्या चाचण्यांना गेला तर काय बिघडेल, असं मला दुकानात बसून वाटतं. सरकारने नाही तर कोणी करायचं हे, आमच्या मेडिकलने?

घाईचं काय होतं तेही आमच्या दुकानाने बघितलंय. मार्च 2020, करोना, आणि मलेरियाची जुनी गोळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. लॅबमधल्या प्लेटवर व्हायरस मेला एवढ्यावर अख्ख्या जगाने उड्या मारल्या, लोक चिठ्ठीशिवाय दहा दहा पट्ट्या मागायला यायचे, आणि आमची एक ल्युपसची जुनी पेशंट, जिला ती गोळी खरोखर रोज लागते, तिच्यासाठी बाबा प्रिन्सेस स्ट्रीटच्या होलसेलवाल्यांना फोनवर फोन करत होते. जूनमध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीने सांगितलं की उपयोग नाही. त्याच चाचणीत डेक्सामेथासोनने मात्र लोक वाचवले, आणि संधिवाताचं बॅरिसिटिनिब, जे लंडनच्या एका कंपनीने एआय वापरून फेब्रुवारी 2020 मध्ये सुचवलं होतं, तेही पुढे चाचण्यांत टिकलं. तिन्ही जुनीच औषधं. कुठलं चालणार हे आधी छातीठोक सांगणारे तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच सात आठ होते.

मावशी आता दर महिन्याला येतात. मुलगी मास्तरीण आहे, सातारकडची, उपचारांसाठी इकडे काळाचौकीला मामाकडे राहते. एकदा तोंड आलं म्हणून जेल न्यायला आल्या, या गोळीने येतं तोंड, बाबांनी आधी डॉक्टरांना विचारायला लावलं आणि मगच दिलं. सिरोलिमसचं खोकं बाबा अजून ट्रान्सप्लांटच्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात, पण त्यावर स्केचपेनने बारीक अक्षरात 'फुप्फुस पण' असं लिहिलंय.

गणपतीत आल्या तेव्हा आमच्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही, राजाची रांग आमच्या शटरपर्यंत. कशाबशा आत आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट खायचं नाही म्हणून लिहिलंय, ते म्हणजे काय असतं?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मावशी, आपलं पपनस असतं ना, त्याच्या वंशातलं, त्याने रक्तात गोळी जास्त चढू शकते, म्हणून पपनसपण विचारल्याशिवाय नको. मावशी एकदम गप्प. मग म्हणाल्या, "अगं बाई, सकाळीच पाच फळांत पपनस होतं. सोलून ठेवलंय. तिने खाल्लं की नाही बघते," आणि गोळ्या काउंटरवर तशाच ठेवून फोन लावायला बाहेर गर्दीत गेल्या.